घर द्यायचा वार

घर विकायला कारभारींची कधीच ना नव्हती. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. केडगावात, पुणे रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं घर. खाली दोन गाळे भाड्यानं दिलेले, वर राहायच्या खोल्या आणि बाहेरून वर जाणारा लोखंडी जिना. नागापूरच्या कंपनीत जन्मभर वेल्डिंग केलेल्या या माणसानं तो जिना सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातानं उभा केला होता. पाहुणा आला की चहाच्या आधी जिना. कठडा धरून गदागदा हलवायचा आणि विचारायचं, "हलतोय का बघा." तो हलत नसे. पाहुणा बिचारा अवघडून मान डोलावी.

विकायची गोष्ट निघाली ती त्यांच्या बायकोच्या, बनुबाईंच्या गुडघ्यांमुळे. डॉक्टरांनी सांगितलं, मावशींना जिना बंद. कर्जतला दिलेली लेक सत्यशीला म्हणाली, आमच्या शेजारी जागा घ्या, जमिनीलगत खोल्या बांधू, मी तिथंच आहे. निदान खालच्या गाळ्यात तरी उतरा, असंही ती म्हणाली होती. त्यावर कारभारी म्हणाले होते, "गाळ्यात ऱ्हायला मी काय सामान हाय?" पण कर्जतला मात्र ते हो म्हणाले.

"जाऊ की. लेकीच्या दारात ऱ्हायलो म्हणून लोक बोलतील, बोलू द्या. पन घर काय कवाबी उठून देता येत न्हाई. वार बघावा लागतो."

आणि इथं घोडं पेंड खाऊ लागलं. मंगळवार-शुक्रवार हे लक्ष्मीचे वार, त्या दिवशी घरातून बाहेर काही द्यायचं नाही, हे कारभारी आईच्या तोंडून ऐकत आलेले. दिवेलागणीनंतर तर ते शेजारणीला विरजणसुद्धा देऊ देत नसत. मग अख्खं घर कसं देणार? चांगल्या दिवशी घरातलं जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा कायदा. आणि घेणारी माणसं चांगलाच दिवस मागत.

रविराज नावाचा एजंट एक कुटुंब घेऊन आला. नवरा-बायको, बरोबर सासूबाई. घर पसंत पडलं. ते म्हणाले, दसऱ्याला कागद करू. कारभारी म्हणाले, "दसऱ्याला सोनं घरात येतं. घर बाहेर जात न्हाई."

"मग तुमीच सांगा, कवा?"

"आवसंला या."

सासूबाई जागच्या उठल्या. "आवसंला घर घ्यायला आमाला काय भुतं सांभाळायचीत?" आणि पोराला पुढं घालून जिना उतरून गेल्या. दुसऱ्या गिऱ्हाइकाला पाडवा हवा होता, तिसऱ्याला गुरुपुष्य. रविराज कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, तुमी घर विकताय का राखताय?"

आता मला सांगा, देणाऱ्याला वाईट दिवस पाहिजे आणि घेणाऱ्याला चांगला, असा दिवस कुठल्या कॅलेंडरात छापतात? कारभारींना हे कळत नव्हतं असं समजू नका. चांगलं कळत होतं. त्यांना जायचंच नव्हतं. कर्जतच्या जमिनीलगतच्या घरात ते कुणाला काय हलवून दाखवणार होते? शिवाय घाई कसली, असा त्यांचा हिशेब. बनुबाई वरच असतात, दूध, भाजी, दळण सगळं आपण वर आणून देतो, डॉक्टरांचा शब्द पाळला जातोय, झालं.  बनुबाई गहू निवडत बसत.

मग एक दिवस खालच्या गाळ्यातला फैयाज वर आला. जळलेल्या विजेच्या मोटारींचं रिवायंडिंग करणारा हा पोरगा आठ-दहा वर्षं तिथंच भाड्यानं. नुकतंच लग्न झालेलं. म्हणाला, "काका, घर मीच घेतो. मला कुठलाबी दिवस चालंल. तुमी म्हनाल तर अमावस्येला करू."

 ही अडचण कारभारींनी धरलीच नव्हती.

"तरी बी, तुज्या मनात कंचा वार हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला विचाराल तर जुम्मा. शुक्रवार."

कारभारी इतके खूश झाले की त्यांनी चहा टाकायला सांगितला. "शुक्रवार आमच्यात जमत न्हाई बाबा!"

"मग शनिवार करू," फैयाज म्हणाला.

चहा कारभारींना कडू लागला. बघू, कळवतो, असं म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं, आणि त्या दिवसापासून ते फैयाजमध्ये खोट शोधू लागले. शोधणाऱ्याला मिळतेच. चहाच्या हॉटेलात रोज भेटणारा कानिफनाथ म्हणाला, "तुमच्या फैयाजचं शटर सकाळी भर धंद्याच्या टायमाला खाली असतंय बगा. तुमी हितं पेपर वाचत असता तवा." बस्स! धंद्यात लक्ष नाही, असल्या माणसाला घर कसं द्यायचं? दुसऱ्या दिवशी त्याला रंगेहाथ धरायला कारभारी पेपर अर्धा टाकून उठले.

शटर खरंच खाली होतं. कारभारींनी ओरडायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर वर गेली.

जिन्यावर बनुबाई बसल्या होत्या. बसूनच उतरत होत्या. दोन्ही हात पायरीवर टेकायचे, अंग पुढं सरकवायचं, खालच्या पायरीवर आदळायचं, लुगडं घोट्यापाशी नीट करायचं, मग पुढची पायरी. पिशवी गळ्यात. कारभारी उभ्या टेम्पोच्या आड झाले. का झाले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बनुबाई खाली पोचल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या, लुगडं झटकलं आणि शटरवर थाप मारली.

"उतरले रे, फैयाज."

बाईमाणसाला असं उतरताना बघायला नको म्हणून खाली ओढलेलं शटर वर गेलं. फैयाज तिकडं न बघता कामाला लागला.

कारभारी आडोशातून पुढं आले. "कवापासनं चाललंय हे?"

बनुबाई दचकल्या, मग म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगायच्या आधीपासनं."

"कशापायी उतरतीस?"

"शेजारच्या कडूबाईच्या ओट्यावर बसायला. वर भिंतीसंगं बोलू का?"

"मला सांगायचं हुतंस."

"काय सांगायचं? या पायऱ्या मला पयल्यापासनंच उंच हायेत. सत्यशीलाला कडंवर घेऊन चढायचे, तवाबी उंचच हुत्या. एकेका पायरीला जीव जायचा माजा."

"मग तवा का बोलली न्हाईस?"

"तुमी चारचौघांना हलवून दाखवत हुता. लई खुशीत हुता. मी कुटं मोडता घालू?"

पायरीचं माप घेताना कारभारींनी आपलाच पाय उचलून बघितला होता. घरात दुसरीही पावलं आहेत हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं तो जिना ते जगाला दाखवत आले, आणि ज्या बाईनं त्याच्यावरून जन्मभर पाण्याच्या कळश्या वाहिल्या तिला एका शब्दानं विचारलं नाही. त्यांना भयंकर लाज वाटली. ते तसेच फैयाजच्या गाळ्यात शिरले.

"येत्या शुक्रवारी कागद करू."

फैयाज घाबरला. "काका, शुक्रवारी तुमच्यात..."

"आमच्यात काय असतं ते तू मला शिकवू नगो. हिचं गुडघं वार बघून दुखत्यात का?"

शुक्रवारी कागद झाला. सामान टेम्पोत चढेपर्यंत सांज झाली, गल्लीत दिवे लागले. कर्जतला खोल्या बांधून होईपर्यंत लेकीकडंच राहायचं होतं. कारभारींनी कुलूप न लावता किल्ली फैयाजच्या हातात ठेवली. बनुबाई सवयीनं वरच्या पायरीवर बसू लागल्या.

"बसू नगो," कारभारी म्हणाले. ते एक पायरी खाली उतरून, त्यांच्याकडं तोंड करून उभे राहिले. "हात दे हितं, खांद्यावर."

आणि एका हातानं कठडा, दुसऱ्यानं बनुबाईंचा दंड धरून ते उलटे उतरू लागले. पाय मागं सोडायचा, चाचपडायचा. पायरी लवकर सापडेना. मधेच ते थांबले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"रडताय काय?" बनुबाई म्हणाल्या. "सावकाश सोडा पाय. पायरी लई खाली हाय."