बडगीवरची मारामारी

“सोड ते मुसळ, नहीं तं तुनं डोकं फोडसू!”

धरणगावची ती पोरगी अशी ओरडली की मेहरूण तलावावरचे बगळे उडाले ते थेट धुळ्यात जाऊन बसले. मुसळाचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. खाली लाकडी बडगीत, कपाशीच्या पऱ्हाटीवर भाजलेली वांगी कुटायची वाट बघत वाफाळत होती.

आम्ही सगळे थॅलेसेमियावाले. दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवून घेणारी, पंधरा-सोळा वर्षांची वीस पोरं-पोरी, शनिवार-रविवारच्या शिबिराला आलेली. माझी पाणथरी, म्हणजे पोटातली प्लीहा, तेव्हा फुगून जामनेरच्या बाजारातल्या टरबुजाएवढी झाली होती. पोटावर एक ठोसा बसला की ती फुटणार आणि खेळ खलास. या धाकाने मला जन्मात कुणी चापटसुद्धा मारली नव्हती. बापाने नाही, मास्तरांनी नाही. अख्खा वर्ग छड्या खायचा तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघायचो. त्यामुळे जीभ मोकाट सुटलेली.

“सरक, सहा पॉइंटवाली,” मी म्हणालो. “भरीत कुटायला हिमोग्लोबिन लागतं.”

आमच्यात याहून घाण शिवी नाही.

तिने मुसळ सोडलं. मी जिंकलो असं वाटतंय तोवर तिने माझी झुलपं धरली आणि नाकावर असा गुद्दा हाणला की भाजका पापड मोडल्यासारखा आवाज आला. मी तिच्या मनगटाला कडकडून चावलो. तिने माझं तोंड गरम वांग्यात दाबलं. गाल भाजला, एक दात हलला, कानात रेल्वे घुसली. मी आडवा झालो. ती माझ्यावर उभी, आणि माझं ते टरबूज बरोबर तिच्या पायाशी. आता लाथ, म्हणून मी डोळे मिटले.

लाथ आली नाही. खाली वाकून तिने आणखी एक थोबाडीत दिली.

शिबिराच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. आधी माझं पोट दाबून पाहिलं, मग नाक. सदरा लालेलाल. त्यातला थेंबही माझा नव्हता, परवाच चढवलेली बाटली होती.

“अगं, तुलाही हाच आजार ना?” बाई म्हणाल्या. “याच्या पोटाला धक्का लागला असता तर? एवढं कळत नाही?”

पोरगी हाताचं वांगं ओढणीला पुसत होती.

“म्हनीसन तं तोंडवर मारं.”