पाहुणचाराची हिंदी

बारामतीला मी बी.एड.च्या मुलांना शिकवते. वेगवेगळ्या जातीधर्मांची, भाषांची मुलं एका वर्गात असली की मास्तराने कसं वागावं, हा माझा विषय. यात आळशी विद्यार्थ्यांचा मला त्रास नाही, ते निदान कुणाचं नुकसान करत नाहीत. अतिउत्साही विद्यार्थी मात्र जीव खातो.

असाच एक डाळजचा पोरगा माझ्या वाट्याला आला होता. शेतकऱ्याघरचा, अंगाने दणकट आणि मनाने अगदी मऊ. कुठल्याशा शिबिरात त्याला एक चकचकीत पुस्तिका मिळाली. ‘मुलांशी त्यांच्या घरच्या भाषेत बोला’ हे तिच्यातलं वाक्य त्याने काळजाशी धरलं. घरची भाषा कुठली ते आधी विचारा, असं मी वर्गात घसा फोडून सांगत होते. पण माझं बोलणं आर्ट पेपरवर छापलेलं नव्हतं ना!

सरावासाठी त्याला कळसच्या बाजूची एक शाळा मिळाली. आठवीच्या वर्गातली एक मुलगी थोड्याच दिवसांत यायची बंद झाली. मुसलमान शेतकऱ्याची नात, हुशार, एसटीने येणारी. कारण कुणालाच कळेना. घरी विचारलं की ‘न्हाय जायचं’ एवढंच बोलायची. आजोबांनी निरोप धाडला होता, पोरीचं मनच नसेल तर आम्ही नाव काढून घेतो. पोरगा हवालदिल झाला. “मॅडम, तुम्ही गृहभेटीला चला ना,” म्हणाला. मी गेले. त्या वस्तीवर चहा फक्कड मिळतो असंही ऐकून होते.

आजोबा उसाच्या कडेला बाजेवर बसले होते. मला म्हणाले, “या बाई, बसा.” तेवढ्यात आमच्या वीराने हात जोडले आणि सुरू केलं, “चाचाजी, आपकी नात शाळा में क्यूं नहीं आ रही?”

मी गारच पडले. आजोबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “मराठी येत न्हाय व्हय बिचाऱ्याला?”

मी मान अशी हलवली की तिचा हवा तो अर्थ काढता यावा. अशी संधी रोज मिळत नाही.

“आव मास्तरसाब, बैठो,” आजोबा एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाले. “गाव बहोत लांब पडता होगा?”

“नहीं चाचाजी, गाडी पे आये.”

“घरदार सोडके आया. आईबाप का आठवण येता होगा.”

पोरगा गोंधळला. आईने दिलेला डबा घेऊन तर तो सकाळीच घरून निघाला होता. तरी “हां जी, येता है” म्हणाला. दोघांनाही घाम फुटला होता, पण समोरच्याला परकं वाटू नये म्हणून एकही मागे हटेना. मी तोंड उघडणार होते, पण नेमका चहा आला. खरंच फक्कड होता.

तेवढ्यात उसाकडून कुणीतरी ओरडलं, “पाट फुटला! पानी निघालं वाटंला!”

आजोबा उठेपर्यंत आमचा पोरगा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पळत सुटला होता. “आबा, खोरं कुठं हाय? आन् दोन ढेकळं टाका हिकडं, बिगीबिगी!”

आजोबा जागच्या जागी थांबले. “आरं तिच्या मायला! ह्यो तर आपलाच हाय की!”

पाट बांधून तो चिखलाने बरबटलेला परत आला, तर आजोबा कमरेवर हात ठेवून उभे. “मला वाटलं तू परमुलखातला. गुडघं दुखावं तशी जीभ दुखाय लागली माजी. आन् बाई, तुमी का वो गप बसला?”

“चहा गार झाला असता,” मी म्हणाले.

दारामागे कुणीतरी फिसकन हसलं. ती मुलगी होती. बाहेर आली, पण आता हसत नव्हती.

“आबा, हे सर रोज माझ्याशी असंच बोलत्यात. सगळ्यांना मराठीत शिकवत्यात, मग माझ्याकडं वळून सगळं परत हिंदीत सांगत्यात. पोरी मला पावनी म्हणाय लागल्या.” तिचा आवाज चिरकला. “आमी काय पावनं हाव व्हय?”

मी कप खाली ठेवला. पोरगा कानापर्यंत लाल झाला. आता हा पुस्तिकेतलं काहीतरी गुळगुळीत बोलणार, म्हणून मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

“तुझा गणिताचा गृहपाठ राहिलाय,” तो म्हणाला. “सगळा. उद्या आणला नाहीस तर माझ्याशी गाठ आहे.”

पोरगी बघतच राहिली. आजोबांनी मात्र चहाचा दुसरा कप त्याच्या चिखलाच्या हातात दिला. “आत्ता मास्तरावाणी बोलला. उद्या बसवतो येष्टीत.”

पुढच्या आठवड्यात मी त्याचा पाठ बघायला गेले. वर्गात बडबड केली म्हणून दोन मुली मागे उभ्या होत्या, त्यातली एक ही. शिक्षा झालेलं इतकं खूश पोर मी आजवर पाहिलं नाही. मला बघून तिने शेजारणीला कोपराने ढोसलं आणि दोघी पुन्हा कुजबुजायला लागल्या.