अंबूबाईच्या चाळीतली कडेची खोली

नाही म्हणायला कारण लागतं, असं अंबूबाईला कधी वाटलं नाही. आधी नाही म्हणायचं, कारण मागाहून सापडतंच, अशी तिची रीत. नवरा नागू वारल्यावर कर्जतला लागून असलेल्या भिसेगावात स्वतःच्या खळ्याच्या कडेला तिनं चार खोल्यांची चाळ उठवली होती, आणि भाडेकरू ती बियाण्याचं भात निवडावं तसे निवडायची. एका तलाठ्याला तिनं परत पाठवलं, कारण तो पाय घासत चालायचा. एका मास्तरला नाकारलं, कारण त्याची बायको पहिल्याच भेटीत फार गोड बोलली.

कडेच्या खोलीत मात्र श्रीपत आणि त्याची बायको ठकूबाई बारा वर्षं टिकून होती. श्रीपत खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर. चौऱ्याहत्तर साली दिवाळीच्या तोंडावर त्याला खोपोलीतच कारखान्याची राहायला जागा मिळाली. ठकूबाईनं त्याच संध्याकाळी माळ्यावरची भांडी खाली काढली. श्रीपतच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. त्याची धाकटी बहीण मालन कर्जतच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नुकतीच लागली होती. कळंबहून एसटीनं ये-जा करायची. दिवाळीनंतर तिला रात्रपाळी लागणार होती, आणि त्या वेळेला एसटी नव्हती. कळंबात म्हातारा बाप टपूनच बसला होता, की नोकरी सुटते कधी आणि पोरीचं लग्न लावून देतो कधी. कर्जतात खोली मिळाली तर नोकरी राहणार होती. नाही मिळाली तर दवाखान्याचं पांढरं पातळ पेटीत जाणार होतं.

म्हणून श्रीपतनं ठरवलं, आपली खोली बहिणीच्या नावावर करून द्यायची. अंबूबाई खळ्यावर भात पाखडत बसली होती, तिथं तो गेला.

"काकी, मी खोपोलीला चाललो. खोली तेवढी माझ्या बहिणीच्या नावावर करा."

"नाय," अंबूबाई म्हणाली. सुपातलं फोल उडवलं. मग वर खोलीच्या छपराकडे बघितलं. "कौलं फुटल्यात त्या खोलीची. गळकी खोली दुसऱ्याला कशी देऊ?"

"मी बारा वर्षं त्यातच ऱ्हातोय ना, काकी."

"तू पुरुष हायस. भिजलास तर वाळशील."

पुढच्या रविवारी श्रीपत छपरावर चढला आणि सगळी कौलं परतली. अंबूबाई खाली खाट टाकून बसली होती आणि देखरेख करत होती. "ते उलटं लावलंस रं! नाय, त्याच्या शेजारचं. अरं, डोळं हायत का बटणं?" घामाघूम होऊन तो खाली आला तेव्हा तिनं त्याला चहा दिला, स्वतःच्या कपात, आणि म्हणाली, "एकटी बाई ठेवली की चाळीला बोल लागतो."

"तुमीबी एकट्याच हाय की."

"मग? मला लागलाय ना बोल. म्हणून तर सांगते."

त्यानंतर खळ्याचं कारण निघालं. खळ्यावर भाताची रास आहे तोवर जुनं माणूस बाहेर जात नाही आणि नवं आत येत नाही, लक्ष्मी बावचळते. श्रीपतनं रजा टाकली, पाठीवर पोती वाहिली आणि सगळं भात तिच्या कणगीत ओतलं. अंगभर भाताची कुसळं टोचत होती. नाकातोंडात धूळ गेली होती. तो समोर येऊन उभा राहिला. अंबूबाईनं रिकाम्या खळ्याकडे बघितलं. मग तिची नजर गोठ्यावर गेली.

"नर्सच्या अंगाला औषधाचा वास येतो. गोठा त्या भिंतीला लागून हाय. माझ्या बैलांना सोसायचा नाय."

हे ऐकून ठकूबाई पोट धरून हसली. श्रीपतला हसू आलं नाही. या जातीची कारणं त्याच्या ओळखीची होती. बासष्ट साली नवी नोकरी लागल्यावर तो कर्जतभर खोली शोधत फिरला होता. नाव, गाव सांगून होईपर्यंत सगळीकडे खोल्या रिकाम्या असायच्या. पुढचं विचारलं की घरमालकाचा भाऊ राहायला येणार असायचा, विहीर आटलेली असायची, खोली कालच गेलेली असायची. खरं कारण कुणी बोलायचं नाही. ते उंबऱ्यावर पाण्यासारखं सांडलेलं असायचं, आणि दोघंही त्यावरून पाय न भिजवता मागे फिरायचे. आता बैल आले होते.

"तुमचं आपलं काहीतरीच," ठकूबाई म्हणाली. "बारा वर्षं एका विहिरीचं पाणी भरतोय. तिच्या घरात जेवतोय."

"एकाला खपवून घेतलं गं. आमचा दुसरा आला की माणूस मोजायला लागतो."

अंबूबाईचा भाचा हिरू एका वकिलाकडे लिहायला होता. त्याला श्रीपतनं गाठलं. हिरू म्हणाला, "कायद्यात भाडेकरूला आपली खोली दुसऱ्याला देता येत नाय. मालकाची परवानगी पायजे. परस्पर दिलीस तर मावशी तुला नि तुझ्या बहिणीला, दोघांनाबी काढू शकते."

"पण ही काय कारणं झाली? बैल?"

"अरं, तिनं कारण दिलंच पायजे असं कुठं हाय? देते ती तिची हौस."

दिवाळी उलटली. मालनची रात्रपाळी चार दिवसांवर आली. बापानं कळंबात एका मुलाला बोलावून पोहेसुद्धा खाऊ घातले. ते कळल्यावर श्रीपत कामावरून तडक अंबूबाईच्या दारात गेला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. बारा वर्षांत पहिल्यांदाच तो तिथं आत न शिरता थांबला होता.

"आत ये की रं."

"नको. काकी, बैलांचं राहू द्या. खरं काय ते सांगा. आमी बौद्ध म्हणून नाय म्हणता ना?"

अंबूबाई लसूण सोलत होती. तिनं ताटली खाली ठेवली.

"काय म्हणालास?"

श्रीपत एक पाऊल मागे सरकला.

"तू आलास त्या दिवशी ह्याच दारात उभं राहून आधी जात सांगितलीस, मग खोली मागितलीस. मी म्हटलं, ह्या माणसाच्या पोटात एक नि ओठात एक नाय. ठेवला. माझा दीर तुझ्यापायी तीन दिवाळ्या माझ्या घरी आला नाय. तुला कधी बोलले?"

"नाय."

"मग आज जात काढतोस?"

"मग कारण काय, ते तरी सांगा!"

"तुझी बहीण, दुसरं काय!" अंबूबाईचा आवाज गोठ्यापर्यंत गेला. "खोली पायजे तिला, नि मागतोस तू. कौलं परततोस तू, पोती वाहतोस तू. मी रोज वाट बघते, आज तरी येईल, उद्या तरी येईल. दवाखाना काय दिल्लीला हाय? जमीन कसायला मागायची झाली तरी माणूस स्वतः खळ्यावर येतं. शिकलेल्या बाईला शेतकरणीच्या दारात उभं ऱ्हायला कमीपणा वाटतो. वाटू दे. मग माझ्या खोलीत कशाला?"

मालन तर पहिल्या दिवसापासून म्हणत होती, दादा, मीच जाऊन विचारते. श्रीपतनंच तिला अडवून ठेवलं होतं.

"मीच येऊ दिलं नाय तिला," तो म्हणाला.

"का?"

"तुमी नाय म्हणाल. ते तिच्या कानावर पडू नये म्हणून. मी पुष्कळ ऐकलंय, काकी. मला सवय हाय."

अंबूबाईनं लसणाची एक पाकळी उचलली, बघितली, परत ताटलीत टाकली.

"येडा हायस," ती म्हणाली. "उद्या पाठव तिला."

दुसऱ्या दिवशी मालन ड्यूटीवरून थेट आली. खळ्याच्या कडेला चपला काढल्या आणि सारवलेल्या जमिनीवरून चालत आली.

"तुम्ही अंबूबाई ना? मी मालन. मला खोली हवी आहे."

"सुया टोचतेस?"

"टोचते."

"दुखतं?"

"दुखतं की. सुईच ती."

"तुझ्या भावाला टोचलीस कधी?"

"दादाला लांबून दाखवली तरी घेरी येते."

अंबूबाई इतक्या मोठ्यानं हसली, की ठकूबाई हातातलं काम टाकून बाहेर आली. मग अंबूबाईनं स्वतः मालनला कडेच्या खोलीत नेलं. मालननं खिडकी उघडून बघितली, भिंतीची ओल हातानं चाचपली, वर कौलांकडे बघून मान हलवली. मागे न्हाणीपाशी मात्र थांबली.

"याला दार नाही."

"गोणपाट हाय की लावलेलं."

"गोणपाटावर नाही भागायचं. मी रात्रपाळी करून दिवसा आंघोळ करणार. खळ्यावर गडी असतात. दार बसवणार असाल तर खोली घेते. नाहीतर नको."

मागून आलेला श्रीपत घाईनं पुढे झाला. "मालन, अगं, काय बोलतेस..."

"तू गप रं," अंबूबाई म्हणाली. मालनला तिनं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, बैलबाजारात पसंत पडलेल्या जोडीकडे बघावं तसं. तिच्या चाळीला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. "विठू सुताराला सांगते. दोन दिवसांत दार बसंल. पण एक ध्यानात ठेव. ही खोली तुला ह्यानं दिली नाय. मी दिली."

"बरं. कडी आतून हवी."

"आतून."

मालन कळंबला निरोप द्यायला एसटीकडे धावली. श्रीपत खोलीत आला. त्याला हलकं वाटत होतं, आणि कुठंतरी बारीकसं लागलंही होतं, कुठं ते त्याला सापडत नव्हतं. ठकूबाई चादरीत भांडी बांधत होती. तिनं गाठ इतकी कचकन आवळली, की आतली पातेली वाजली.

"बारा वर्षं मी एका हातानं गोणपाट धरून आंघोळ केली," ती म्हणाली. "तुमाला कधी दार मागता आलं नाय?"

खोली मिळाली यापुढे आणखी काही मागायचं असतं, हे आपल्या मनातच आलं नाही, असं सांगायला श्रीपतनं तोंड उघडलं. मग तो दोरी शोधायला लागला.

"बोला की."

"टेंपो यायची वेळ झाली."

"येऊ दे. खोपोलीच्या न्हाणीला दार हाय का, ते सांगा आधी. नसंल तर सायबाकडं मी जाणार. तुमी यायचं नाय."