अडीअडचणीला ठेवलेली भट्टी

आमच्या माधव नगरातल्या खानावळीची कोळशाची भट्टी आम्ही बंद केली ती बायकोच्या दम्यापायी. डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं, धूर की जीव, एक काय ते ठरवा. गॅस आला आणि ती मोकळा श्वास घ्यायला लागली. "अहो, ती भट्टी भंगारात द्या," दहादा म्हणाली. पण चांगली वस्तू टाकायला माझा हात होत नाही. "असू दे अडीअडचणीला," म्हणून मागच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकून ठेवली.

मग तिकडे आखातात लढाई पेटली, जहाजं अडली आणि इथं आमचा सिलिंडर यायचा थांबला. एजन्सीवाल्याचं रोज तेच, "अंकल, ऊपर से ही सप्लाय नहीं है." ऊपर म्हणजे कुठं, बाबा? विजेची शेगडी घ्यायला देवास गेटच्या बाजारात गेलो, तर औषधालाही मिळेना. उलट तिथं कचोरीवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी कोळसा पेटवलेला. इतक्या वर्षांत मुश्किलीनं हवा जरा सुधारली होती, आठ दिवसांत मातेरं झालं! लढणारे लांब, त्यांना काय कळणार इथला धूर. डोळे चोळत घरी आलो.

नेमकी त्याच आठवड्यात साताऱ्याची चाळीस मंडळी यायची होती. महाकालाचा अभिषेक झाला की आमच्याकडे पुरणपोळी, हा माझ्या आजोबांपासूनचा रिवाज. नाही सांगायला मी फोन उचलला, तर बायकोनंच तो हातातून काढून घेतला. "आपली माणसं एवढ्या लांबून येणार नि उपाशी धाडायची? एका दिवसानं काय होतंय?" आणि मला गाढवाला हायसं वाटलं! ताडपत्री मीच ओढली.

पोळ्या तिनंच भाजल्या. दुसऱ्याच्या हातची पोळी तिला पटतच नाही. पंक्तीतून एक आजोबा ओरडले, "वहिनी, यंदा पोळी काय खमंग झालीय हो!" आत ती भिंतीला धरून श्वास शोधत होती. संध्याकाळी तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

पुढे सिलिंडर आला. आता पोळ्या दुसरी बाई भाजते. ही खाटेवर बसून असते, न्हाणीघरापर्यंत जाऊन आली की अर्धा तास तिला बोलवत नाही. परवा तुटक तुटक म्हणाली, "आता तरी... भट्टी द्या." मी हो म्हटलं.

काल भंगारवाला दारात आला. पण सकाळीच बातमी होती, जहाजं पुन्हा अडलीत, आणि पुढच्या महिन्यात नाशिकची मंडळी यायची आहेत. "बाद में आना, भैया," मी हळूच म्हणालो.

खाटेवरून तिनं ते ऐकलं.