सावलीतले अकरा फॉर्म

लेकीने आल्या आल्या, चप्पलही न काढता सांगितलं, "आई, घर मिळालं. वरच्या आळीत, नव्या इमारतीत. रविवारी सामान हलवतोय."

फॉर्मबाई तेव्हा नातीची वेणी घालत होती. तिचे हात थांबले. तीन वर्षांची नात मान ताठ धरून वाट बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "आजी, घाल ना."

"वरच्या आळीतच का?" फॉर्मबाईने विचारलं.

"तू विचारतेस?" लेक हसली. "सगळ्यात चांगली हवा कुठे आहे, हे मला कुणी शिकवलं?"

कुणी शिकवलं ते फॉर्मबाईला पुरेपूर ठाऊक होतं. तिने वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.

तिला फॉर्मबाई म्हणायचे ते उगाच नाही. सव्वीस वर्षं ही बाई दारोदार हिंडली, पण विकायला नाही की मागायला नाही, नुसतं विचारायला. एका संशोधन संस्थेत मोठमोठे प्राध्यापक बसायचे. कुणी उच्च शिक्षणावर पुस्तक लिहायचं, कुणी समाजावर, कुणी अर्थकारणावर, कुणी आरोग्यावर. पुस्तकं अशी जाडजूड की उशाला घेतली तर मान धरावी. पण त्यातला एक आकडा प्राध्यापकांच्या खुर्चीतून निघाला असेल तर शपथ. घरात माणसं किती, मुलीने कॉलेज का सोडलं, दवाखाना किती लांब, हे सगळं फॉर्मबाईने विचारून आणायचं. काखेत पॅड, पॅडला दोरीने बांधलेली पेन्सिल, पिशवीत खडू. विचारून झालं की चौकटीवर खडूने नंबर टाकायचा आणि पुढचं दार गाठायचं.

आणि विचारायची तरी कशी. नवरा समोर असला की बायको खरं बोलत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती नवऱ्याला म्हणायची, "दादा, बाहेर माझी चप्पल राहिलीय, कुत्रं नेईल, जरा बघता का?" आणि तो बाहेर गेला की तेवढ्यात बाईकडून उत्तर काढून घ्यायची. संस्थेतले सर म्हणायचे, "बाई, तुमचे फॉर्म तपासायची गरजच नाही." आणि खरंच कुणी तपासले नाहीत. तिथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं.

नवरा लवकर गेला. लेकीला तिने एकटीने वाढवलं, ती ह्याच पुस्तकांच्या सोबतीने. प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला बारीक अक्षरात एक ओळ असायची, 'पाहणीच्या कामात मदत करणाऱ्या सर्वांचे आभार'. फॉर्मबाई त्या ओळीवर बोट ठेवून लेकीला सांगायची, "ही ओळ म्हणजे मी." कपाटात अशी तेवीस पुस्तकं होती. "ह्यात छापलंय ते खोटं नसतं बरं का. दार वाजवून, विचारून आणलेलं आहे." लेक हे ऐकत मोठी झाली आणि कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागली. आईच्या जन्माचं सोनं झालं.

आता ती गोष्ट. बाईने ती चोवीस वर्षं तोंडातून बाहेर काढली नव्हती.

आरोग्याची पाहणी होती. टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीतली नव्वद घरं तिने इमानाने केली. शेवटच्या दिवशी वरच्या आळीतली अकरा उरली. वर जायला एकशे चौदा पायऱ्या, फॉर्म संध्याकाळपर्यंत संस्थेत द्यायचे, आणि आठ वर्षांची लेक घरी तापाने फणफणलेली, शेजारणीच्या भरवशावर. बाई पायऱ्यांच्या तळाशी झाडाखाली टेकली, आणि बसल्या बसल्या फॉर्म भरू लागली. पाहणीला जाणाऱ्या इतर बायका असे फॉर्म अधूनमधून भरायच्या. आपापसात चेष्टेने त्यांना सावलीतले फॉर्म म्हणायच्या. फॉर्मबाई त्यांना नाकं मुरडायची. त्या दिवशी तिने अकरा भरले.

माणसं तिने मनाने घडवली. वयं गोल आकड्यात लिहिली तर संशय येतो, म्हणून एकेचाळीस, सदतीस, त्रेसष्ट. एका घरात तिने जुळ्या मुली ठेवल्या. मग आला सतरावा प्रश्न, 'घरात कुणाला महिनाभराहून जास्त खोकला आहे का?' 'होय' लिहिलं की त्याच्या पोटातली चार पानं भरायची. केव्हापासून, रात्री वाढतो का, रक्त पडतं का, कुठला दवाखाना. 'नाही' लिहिलं की थेट अठराव्या प्रश्नावर उडी. बाईचा सगळा जीव घरी लागलेला. तिने अकराच्या अकरा घरांत 'नाही' लिहिलं आणि उठली.

एवढंच केलं तिने. कुणाचा गळा कापला नाही की कुणाचं काही लाटलं नाही. लेकीचा ताप दोन दिवसांत उतरला.

पण आकडे जुळवताना प्राध्यापक हरखून गेले. खालच्या वस्तीत चार घरांमागे एका घरात खोकला, आणि वरच्या आळीत शून्य. त्यांनी बाईला खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. "ही अकरा घरं नक्की? एकालाही खोकला नाही?" खरं बोलायची संधी अशी ताटात वाढून समोर आली होती. फॉर्मबाई म्हणाली, "नाही, सर."

सहाव्या प्रकरणाला नाव पडलं 'वरच्या आळीचा अपवाद'. उंची, मोकळा वारा, उन्हाची दिशा, काय काय लिहिलं होतं त्यात. सरांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे तेही वर गेले नव्हते. पुस्तक गाजलं. फिरत्या दवाखान्याचे थांबे ते पुस्तक बघून ठरले आणि वरच्या आळीला थांबा मिळाला नाही. टेकडीमागे जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवणारी एक भट्टी होती, तिथे आणखी दोन आल्या, कारण इतक्या चांगल्या हवेला थोड्या धुराने काय होणार. आणि लेकीने पीएचडी केली ती निरोगी वस्तीतली मुलं उच्च शिक्षणापर्यंत कशी पोचतात ह्यावर. तिच्या प्रबंधाचा पायाच मुळी सहाव्या प्रकरणातला तक्ता. आता त्याचंही पुस्तक होणार होतं.

फॉर्मबाई हे सगळं बघत आली आणि गप्प बसत आली. पण आता नात तिथे राहायला जाणार म्हटल्यावर तिला घास गिळवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माळ्यावरून जुना पॅड काढला, त्या पाहणीतले उरलेले कोरे फॉर्म घेतले आणि निघाली.

एकशे चौदा पायऱ्या ती चार वेळा बसून चढली. वर वारा होता, पण तोंडात आंबट चव उतरत होती, जीभ नाण्याला लावल्यासारखी. दोरीवरचे पांढरे कपडे राखाडी दिसत होते. एका दाराच्या चौकटीवरून तिने सवयीने बोट फिरवलं, तर बोट काळं झालं. अकरातली चार घरं नव्या इमारतीसाठी पाडली होती. तीन घरांना कुलपं, तीही गंजलेली. उरली चार. तिथल्या पहिल्या दारात एक म्हातारी बसली होती.

"पाहणीला आलेय, मावशी," फॉर्मबाई म्हणाली.

म्हातारीने डोळ्यांवर हात धरून तिला आणि तिच्या काखेतल्या पॅडला न्याहाळलं. "तू होय," ती म्हणाली. "आलीस का वर?"

फॉर्मबाई खालच्याच पायरीवर बसली.

"तू त्या झाडाखाली बसलेली इथून दिसत होतीस," म्हातारी सांगू लागली. "आम्ही सगळ्याजणी कठड्याशी येऊन उभ्या. सून म्हणाली, दम खातायत, येतील आता. मी चहाचं आधण ठेवलं. माझा मुलगा आत खोकत होता. म्हटलं, बाई लिहून नेईल, औषधाची सोय होईल. मग तू उठलीस आणि वस्तीकडे चालायला लागलीस. मला वाटलं, काही विसरली असेल, येईल परत."

"मुलगा कसा आहे?"

"गेला. तिसऱ्या वर्षी. दवाखान्याची गाडी खाली यायची. त्याला पायऱ्या उतरवेनात, आणि गाडीवाले वर येईनात. म्हणे तुमच्या आळीत आजार नाहीत, पुस्तकात आलंय."

फॉर्मबाईला वाटलं, धरणीने आत्ताच पोटात घ्यावं. ती म्हणाली, "मावशी, ते मीच लिहिलं होतं."

"माहितेय मला. दुसरं कोण आलं होतं?" म्हातारीला खोकल्याची उबळ आली. ती ओसरायला वेळ लागला. मग म्हातारी म्हणाली, "आता तरी नीट लिही."

बाईने लिहिलं. चार घरं, चारही घरांत 'होय', आणि प्रत्येकाची चारही पानं भरली.

संध्याकाळी तिने लेकीला आणि जावयाला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. फॉर्म पुढे ठेवले.

जावई तसे भले. ते हळूच म्हणाले, "आई, तुम्हाला नातीला सोडवत नाहीये, तसं सरळ सांगा ना. आम्ही काय परदेशी चाललोय का?"

लेकीने फॉर्म चाळले. "किती घरं झाली?"

"चार."

"चार घरांवरून काही ठरत नाही, आई. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते."

"आणि अकरांवरून ठरतं? तीसुद्धा नसलेल्या?"

लेक उठली. कपाटातून तिने ते पुस्तक काढलं आणि बरोबर ते पान उघडलं. "नसलेली कशी? हे बघ, नववं घर. जुळ्या मुली, वय आठ. माझ्या प्रबंधात आहेत त्या. मी त्यांच्यावर अख्खा परिच्छेद लिहिलाय."

"तू तेव्हा जुळ्या बाहुल्या मागत होतीस," फॉर्मबाई म्हणाली. "तापात तेच बडबडत होतीस. म्हणून लिहिल्या."

लेकीचं बोट त्या ओळीवरच राहिलं होतं. मग तिने पुस्तक मिटलं. "हे आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग नको बोलूस. माझं पुस्तक छपाईला गेलंय." आणि जरा थांबून, दुसरीकडे बघत ती म्हणाली, "ती जुनी घरं आहेत, अंधारी, चुलीच्या धुराची. आपली इमारत नवी आहे. खिडक्या घट्ट लागतात."

लेकीचा विश्वास बसला नसता तर फॉर्मबाई भांडली असती, रडली असती, नातीला घेऊन दार लावून बसली असती. पण लेकीचा विश्वास बसला होता, ते तिच्या तोंडावर लख्ख दिसत होतं, आणि तरीही ती रविवारचं सामान मोजू लागली. त्यापुढे आईची मात्रा चालेना. लेकीचं नाव जाईल, नोकरीवर गदा येईल, ह्या भीतीने ती पुन्हा गप्प बसली. पहिल्यांदा लेकीच्या तापासाठी, दुसऱ्यांदा स्वतःच्या अब्रूसाठी, आणि आता हे तिसऱ्यांदा. ह्या वेळी खोटं लिहायची किंवा बोलायचीही गरज पडली नाही.

पाच महिन्यांनी पुस्तक आलं. लेकीने आईला मुद्दाम नव्या घरी बोलावून घेतलं. फॉर्मबाई पायऱ्या चढून गेली तेव्हा खिडक्या लावलेल्या होत्या, तरी टेबलावर राखाडी थर होता. लेकीने तो हाताने पुसला, पुस्तक ठेवलं आणि पहिलं पान उघडून दाखवलं. अर्पणपत्रिका होती. 'माझ्या आईस, जिने दारोदार जाऊन खरं ते लिहून आणलं.'

बाईने ती ओळ दोनदा वाचली. तिला बोट ठेवायचं धाडस झालं नाही.

आतल्या खोलीत नात खोकली. साधा, कोरडा खोकला. थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

"बालवाडीतून आणलाय," लेक म्हणाली. "सगळ्याच मुलांना आहे."

फॉर्मबाईने पिशवीतून पॅड काढला. तिच्याकडे एक कोरा फॉर्म उरला होता. ती खुर्ची ओढून लेकीसमोर बसली, पेन्सिल उचलली आणि दारात उभी राहून विचारायची त्याच सुरात वाचू लागली. घरात माणसं किती. कोण कितवी शिकलं. लेक आधी वैतागून म्हणाली, "आई, काय चाललंय हे?" बाईने उत्तर दिलं नाही, पुढचा प्रश्न वाचला. तिचा आवाज असा होता की समोरच्याने उत्तर द्यायचंच. आयुष्यभर दारोदारी लोकांनी दिलं होतं. लेकही देऊ लागली.

"सतरा. घरात कुणाला महिनाभराहून जास्त खोकला आहे का?"

लेक पुस्तकाच्या कव्हरवर तळवा ठेवून बसली होती. आत नात खोकत होती.

"होय," ती म्हणाली.

फॉर्मबाईने पान उलटलं. "केव्हापासून?"

बाई घाई न करता, पेन्सिल कागदावर टेकवून थांबली.

"इथे आल्यापासून," लेक म्हणाली.

फॉर्मबाईने तसंच लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.