बर्फाच्या खोलीची पायरी

चिखलीतल्या बर्फाच्या कारखान्याची ती केस मी अजून विसरलेलो नाही. खून नाही, दरोडा नाही, एक पायरी तुटली होती. पण कोणी "साहेब, नोकरीतला एखादा किस्सा सांगा" म्हटलं की ओठांवर आधी हीच येते.

त्या उन्हाळ्यात मी तिथे ठाणेदार होतो. कारखान्यातला एक जुना कामगार साठवणीच्या खोलीतून बर्फाची लादी घेऊन बाहेर येत होता. दाराच्या आतल्या सिमेंटच्या पायरीची कड पायाखाली ढासळली आणि तो लादीसकट कोसळला. खुबा मोडला. त्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात हलवलं. दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला, "पायरी बांधनाऱ्या मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं साहेब. उचला त्याले." मालकानेही तशीच लेखी तक्रार दिली.

निनावी खबर खोटीच असते असं नाही. पण देणाऱ्याचा कोणावर तरी दात असतो, एवढं मी शिकलो होतो.

मिस्त्रीला बोलावून घेतलं. साठीचा माणूस, सगळे त्याला चाचा म्हणायचे. बस म्हटलं तरी बसला नाही. मी आवाज चढवला, तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले.

"साहेब, माल बराबर व्हता. पन माही गोष्ट कोन ऐकते? सकाळीच दोन घरवाल्याईनं स्लॅबचं काम नाही म्हनून सांगतलं. गुन्हा लागला तर या गावात मले कोनी वीटबी उचलू देनार नाही."

ठाण्यात खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. हा तेवढंच बोलून खाली बघत राहिला. मी त्याला चहा पाजला आणि घटनास्थळी निघालो.

पंचनामा करताना एक गोष्ट खटकली. दारात तीन पायऱ्या होत्या, एकाच वेळी, एकाच मालातून बांधलेल्या. बाहेरच्या दोन ठणठणीत. आतलीचं मात्र पापुद्रे सुटून भुसभुशीत पीठ झालेलं, वर पांढरी भुकटी. सिमेंट खाणारा माणूस एकाच पायरीपुरतं कशाला खाईल?

बांधकाम खात्याच्या एका इंजिनिअरना बोलावलं. ते म्हणाले, "सिमेंटात बारीक छिद्रं असतात. त्यात पाणी मुरतं, गोठलं की फुगतं आणि आतून ढकलतं. इथे दार उघडलं की वितळतं, लावलं की परत गोठतं. रोज हेच. आपल्या घरांना हा रोग नाही, आपल्याकडे तेवढी थंडीच नसते. पण इतकी लवकर उखडली म्हणजे मीठ पडत असणार. मिठाने हा त्रास फार वाढतो."

मी ती पांढरी भुकटी जिभेला लावली. खारट! हवालदाराने तोंड फिरवून हसू दाबलं.

बर्फाच्या कारखान्यात लाद्या गोठवायला मिठाचं पाणी लागतंच, पण त्याची टाकी पार दुसऱ्या टोकाला. मग पायरीवर मीठ टाकतं कोण? मला वाटलं, मिस्त्रीचा वैरी सापडला. कामगारांना एकेक करून विचारलं. शेवटी एक जण हळूच बोलला, "वहिनीले विचारा साहेब."

वहिनी म्हणजे जखमी कामगाराची बायको. रोज दुपारी त्याचा डबा घेऊन यायची. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती भेटली. मिठाचं विचारताच लगेच बोलली.

"मीच टाकत व्हती. मांगच्या साली तिथं बर्फ धरला अन् हे घसरले. थोडक्यात वाचले. तवापासून डबा आनला की कारखान्याच्या पोत्यातलं मूठभर मीठ पायरीवर टाकून देत व्हती. मिठानं बर्फ इरघळते ना."

इंजिनिअर काय म्हणाले ते मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"म्हंजे मीच पाडलं काय त्याईले?"

मला फार वाईट वाटलं. तिने हात जोडले, "साहेब, त्याईले नका सांगू."

पण मिस्त्रीची अब्रू टांगणीला लागली होती. त्याला सोडवायचं तर मीठ कागदावर येणारच, आणि जखमीचा जबाबही घ्यावाच लागणार. मी तिला समजावलं आणि आत गेलो. ती दाराशीच थांबली. खाटेशेजारी मिस्त्री केळी घेऊन बसला होता. त्या दोघांसमोरच मी सगळं सांगितलं.

कामगाराने उशीवरून मान दाराकडे वळवली. मग म्हणाला, "मीठ तर मले रोज दिसे साहेब. तिले वाटे मले मालूम नाही. लिहा तुमी. पन हेबी लिहा का माहा पाय घसरला नाही. पाय घसरू नये म्हून तिनं मीठ टाकलं, अन् तो घसरला नाही. पायरी मोडली, तिचा काय दोष?"

दाराशी ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. मिस्त्री उठला, तिच्याकडे बघून म्हणाला, "रो मत बहन. पायरी मी नवी करून देतो."

मालकाची तक्रार निकाली निघाली, गुन्हा दाखल झाला नाही. निनावी फोन कोणाचा ते कळलं नाही, मीही फार शोधलं नाही.

अपघात झाला की आम्ही पोलीस पहिलं विचारतो, इथे वाईट कोणाच्या मनात होतं. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी आणखी एक प्रश्न विचारत आलो, इथे काळजी कोण घेत होतं? आणि त्या माणसाचा जबाब घेताना मी आवाज कधीच चढवला नाही.