लोकसभेतून बाहेर काढलेल्या काकू

सभापतीकाकू कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या, तरी आधी दारात उभ्या राहून आत किती बायका जमल्यात ते बघायच्या. तिघी-चौघीच दिसल्या तर "अजून गणपूर्ती नाही, मी मागाहून येते" म्हणून जिना उतरायला लागायच्या. मग घरची बाई त्यांच्यामागे धावायची. काकूंशिवाय समारंभ सुरू झाला तर तो बेकायदा ठरेल, असं आमच्या बिल्डिंगीत सगळ्यांना मनापासून वाटायचं.

मी लग्न होऊन डोंबिवली पूर्वेला आले ती ऐंशीच्या दशकात. बिल्डिंग चार मजल्यांची, बिनलिफ्टची. आमच्या समोरचं दार काकूंचं. दारावर पाटी काकांच्या नावाची होती, पण पोस्टमनसुद्धा "सभापतींचं टपाल" अशी हाक मारायचा. हे खूळ त्यांच्या शाळेपासूनचं. कोकणातल्या त्यांच्या शाळेत एकदा लुटुपुटीची लोकसभा भरली होती. पंतप्रधान व्हायला वर्गातले सगळे मुलगे तयार, सभापती व्हायला कुणीच नाही. "सभापतीला भाषण ठोकता येत नाही ना," काकू सांगायच्या. "दुसऱ्यांची ऐकावी लागतात. मग गुरुजी म्हणाले, मुलींपैकी कुणीतरी बसा." काकू बसल्या त्या बसल्याच. पुढे लग्न झालं, मुलगा झाला, डोंबिवली झाली, पण मनाने त्या खुर्चीवरून त्या कधी उतरल्या नाहीत.

दिल्लीत अधिवेशन सुरू झालं की त्यांच्या घरी पोळ्या लवकर उरकायच्या. आधी रेडिओवरचा वृत्तांत होता. नव्वदीत दूरदर्शनवर प्रश्नोत्तराचा तास दिसायला लागल्यावर तर विचारूच नका. बाकीच्या बायका मालिकेत कुणाचं लग्न मोडलं ते सांगायच्या, काकू कुठल्या मंत्र्याची पुरवणी प्रश्नावर बोबडी वळली ते सांगायच्या. काका मानपाड्याच्या बाजूला रंगाच्या कारखान्यात होते. बोलायला कमी, पण बायकोच्या संगतीत तयार झालेले. "दळण आणलंत का?" असा प्रश्न स्वयंपाकघरातून आला की बाहेरून शांतपणे उत्तर जायचं, "माहिती गोळा करण्यात येत आहे. ती यथावकाश सभागृहापुढे ठेवण्यात येईल." म्हणजे डबा अजून गिरणीतच आहे, हे आम्हाला आमच्या घरात बसून कळायचं.

सोसायटीचं चेअरमनपद कुणालाच नको असतं. काकूंनी ते आनंदाने घेतलं. सभा गच्चीवर व्हायची, टेबलावर लाटणं असायचं, आणि ते लाटणं पोळ्यांपेक्षा सभेतच जास्त झिजलं. एकदा तिसऱ्या मजल्यावरचे पेडणेकर उशिरा वर आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "काकू, मला एक सांगायचंय..."

"तुमची आगाऊ सूचना आहे?"

"नाही, पण..."

"मग बसा. शून्य प्रहरात मांडा."

पेडणेकर पुन्हा उठले, पुन्हा लाटणं आपटलं. रंगकामाचा विषय झाला, पार्किंगचा झाला, शेवटी शून्य प्रहर आला. पेडणेकर म्हणाले, "काही नाही, तुमच्या दाराखालून पाणी वाहतंय. जिन्यापर्यंत आलंय." काकू पदर खोचून धावल्या, पण गच्चीच्या दारातून वळून "सभा तहकूब!" असं म्हणायला विसरल्या नाहीत.

ऐकून घेणं हे सभापतीचं काम, असं सांगणाऱ्या काकू ऐकून कुणाचंच घेत नसत. हे त्यांना सांगणार कोण? त्यासाठीही आगाऊ सूचना लागली असती.

अशात वेणूबायचा विषय निघाला. वेणूबाय खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. सकाळी पाटी घेऊन यायची आणि आमच्या फाटकाबाहेरच्या एका चपट्या दगडावर बसून मासळी विकायची. बिल्डिंग अर्धी मासे खाणारी, अर्धी न खाणारी. नव्याने राहायला आलेल्या काहींना वास सहन होईना. "विकासाला शोभत नाही," असंही कुणीतरी म्हणालं. तिला तिथून उठवावं असा ठराव काकूंनी स्वतः लिहिला. त्या स्वतः मासे खात नव्हत्या, पण राग असा नव्हता. फाटक नीटनेटकं दिसावं एवढंच त्यांना हवं होतं. सभा डिसेंबरअखेर ठरली आणि त्याआधी बायकांची उत्तर भारताची सहल निघाली.

सहलीत दिल्लीला एकच मोकळा दिवस होता. बायकांनी तो खरेदीसाठी राखला होता. काकूंनी मात्र डोंबिवलीतूनच खासदारांच्या कार्यालयात खेटे घालून लोकसभेचे दोन पास मिळवले होते. दुसरा पास मला हवा का, हे विचारण्यात आलं नाही. "मीना, तू येते आहेस," एवढंच सांगण्यात आलं.

आत जाताना पर्सा काढून घेतल्या, पेन काढून घेतलं. कठड्यावर वाकायचं नाही, बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, अशा सूचना मिळाल्या. प्रत्येक सूचनेला काकू "अगदी योग्य" म्हणत होत्या. गॅलरीत बसल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि खालच्या हिरव्या बाकांकडे अशा बघत राहिल्या, जशा आमच्याकडच्या बायका गणपतीकडे बघतात.

कामकाज सुरू झालं आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुरं व्हायच्या आत एका बाजूचे सगळे उभे राहिले. मग दुसऱ्या बाजूचे. काही जण पुढे मोकळ्या जागेत आले. कोण काय बोलतंय ते कळेना. खुर्चीवरून सभापती "बैठ जाइए, बैठ जाइए" करत होते. शेजारी आमच्या सभापतीही ओठांतल्या ओठांत "बैठ जाइए" पुटपुटत होत्या. कुणीच बसलं नाही. सभागृह तहकूब झालं. आम्हाला बाहेर काढलं.

"झालं?" काकूंनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं. "काकू, अजून चांदणी चौक गाठू आपण."

बाहेर उन्हात बसून आम्ही घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या. शाळेपासून ज्या खुर्चीची पूजा केली, तिच्यापुढचा तो गोंधळ बघून त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मलाच रडू यायला लागलं. मग एकाएकी त्या उठल्या आणि दारावरच्या अधिकाऱ्याला गाठलं. "भाईसाब, हम डोंबिवली से आया है. अंदर कुछ हुआच नहीं." त्या भल्या माणसाने पास पाहिले, काकूंकडे पाहिलं आणि म्हणाला, "लंच के बाद आइए, माताजी. तब गॅलरी खाली रहती है."

गॅलरीच काय, सभागृहही रिकामं होतं. खाली मोजकी माणसं. एक डुलक्या काढत होते, एक वर्तमानपत्र वाचत होते. आणि मागच्या बाकावर एक किडकिडीत खासदार उभे राहून बोलत होते. कुठल्या राज्याचे ते कळलं नाही, हिंदी अडखळत होती. त्यांच्या भागात नदीवर पूल नव्हता. मुलं होडीतून शाळेत जात. पावसाळ्यात होडी बंद, शाळा बंद. हे सगळं ते त्या रिकाम्या बाकांना असं समजावून सांगत होते, जणू सगळा देश समोर बसलाय. खुर्चीवर बसलेले गृहस्थ मात्र मान खाली घालून ऐकत होते, मध्ये काही टिपून घेत होते. घंटा वाजवून त्यांना थांबवलं नाही. माणूस बोलला, "धन्यवाद" म्हणाला आणि खाली बसला. एकही बाक वाजला नाही.

आणि माझ्या शेजारी धप्पकन आवाज झाला. काकूंनी आपल्या बाकाच्या हातावर थाप मारली होती. एक नाही, चांगल्या चार-पाच. खालचे डुलक्या काढणारे जागे झाले. किडकिडीत खासदारांनी चमकून वर पाहिलं. पांढऱ्या कपड्यांतला एक रखवालदार आमच्या रांगेत आला, "माताजी, चलिए."

काकू उठल्या, खुर्चीच्या दिशेने मान लववली आणि चालू लागल्या. बाहेर आल्यावर रखवालदार ओशाळून म्हणाला, "क्या करें माताजी, नियम है." काकू म्हणाल्या, "आपने एकदम बराबर किया. मैं होती तो मैंने भी निकाला होता."

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसून होत्या. बायका साड्या उलगडून दाखवत होत्या, काकूंचं लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळाने माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकायला कुणी नव्हतं गं. तरी बोलला. आणि त्याला पुरतं बोलू दिलं." थोड्या वेळाने पुन्हा, "मी पेडणेकरांना बोलू द्यायला हवं होतं." मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या.

अर्थात डोंबिवलीला पोचल्यावर पहिली बातमी हीच फुटली की काकूंना लोकसभेतून बाहेर काढलं. काकूंनीच ती फोडली. भाजीवाल्यालाही सांगितली. "मोठमोठ्यांना काढतात तिथून," त्या मान ताठ करून म्हणायच्या.

मग ती सभा झाली. गच्ची भरली होती. ठराव वाचून झाल्यावर काकू म्हणाल्या, "आता वेणूबाय बोलेल." नव्या मंडळींनी हरकत घेतली, ती सभासद नाही. "सभागृह परवानगी देऊ शकतं," काकू म्हणाल्या. "परवानगी आहे ना? आहे." कुणी हो म्हणायच्या आत त्यांनी ती देऊनही टाकली. जिन्याच्या दाराशी उभी असलेली वेणूबाय पदर तोंडाशी धरून पुढे आली.

"मना भाषन येत नाय," ती म्हणाली. "फाटक तुमचा हाय, ठावं हाय मना. पन तो दगड माझे सासूचा. ती बसायची तवा इथं भाताची शेतां व्हती. तुमाला माझे पाटीचा वास येतो, खरा हाय. तुमचे कारखान्यांचा वास मना बी येतो. मी कोनाला सांगू?"

कुणीतरी हसलं, कुणीतरी घसा खाकरला. नव्या मंडळींतले एक बोलायला उठले, काकूंनी त्यांनाही पुरतं बोलू दिलं. लाटणं टेबलावर नुसतं पडून होतं. मग हात वर झाले. ठरावाच्या बाजूचे मोजले. मग विरोधातले मोजताना काकू मध्येच थांबल्या. काकांचा हात वर होता. रंगाच्या कारखान्यात नोकरी करणारा, बायकोच्या ठरावाविरुद्ध वर गेलेला हात. काका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बोंबील खातात ही अफवा होती, ती त्या दिवशी सिद्ध झाली.

मतं समसमान पडली. निर्णय आता काकूंच्या मतावर. ठराव त्यांचाच, अक्षर त्यांचं. काकू म्हणाल्या, "मतं सारखी पडली तर सभापतीनं आहे ते मोडायचं नसतं. ठराव नामंजूर." आणि मग काकांकडे बघून म्हणाल्या, "सन्माननीय सदस्यांनी घरी आल्यावर निवेदन करावं." काकांनी काय निवेदन केलं ते कळलं नाही, पण समोरच्या घरातून हसण्याचे आवाज आले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी काका निवृत्त झाले आणि मुलाने टिटवाळ्याला मोठी जागा घेतली. निघायच्या दिवशी सगळी बिल्डिंग फाटकाशी आली होती. वेणूबाय पाटी बाजूला ठेवून नारळ घेऊन उभी होती. काकूंनी दोन शब्द बोलावेत असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी मात्र वेणूबायच्या हातातला नारळ घेतला आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या. काका मागे सामानात, कपाटाला धरून. टेम्पो निघाला.

गल्लीच्या टोकाला टेम्पो थांबला. खिडकीतून काकूंचं डोकं बाहेर आलं.

"मीटरच्या खोलीत मांजर व्यायलीय गं!" त्या ओरडल्या. "दाराला कडी घालू नका!"

टेम्पो वळला. आम्ही जाऊन बघितलं. जुन्या पोत्यांमागे तीन पिल्लं आईला बिलगून झोपली होती आणि शेजारी बशीत दूध होतं. मांजरीने एक डोळा उघडून आमच्याकडे पाहिलं. नव्या मंडळींतल्या एकीने हळूच विचारलं, "उद्यापासून दूध कोण घालणार?" आणि आम्ही सगळ्यांनी एकदम हात वर केले.